बुरुलकानची वरची तार

आमच्या कोक-जार गावात इंटरनेट बंद पडलं की कुणी कंपनीला फोन लावत नसे. लोक सरळ बुरुलकानच्या फाटकाशी येऊन उभे राहत. "एजे, गेलं बघा," एवढं म्हटलं की ती चुलीवरचं पातेलं नवऱ्याच्या हवाली करी, रबरी बूट चढवी आणि अवजारांची पिशवी खांद्याला अडकवून चालू लागे. एजे म्हणजे थोरली बहीण, जसा आके म्हणजे थोरला भाऊ. पोस्टमास्तर तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, पण गरजेपुरता तोही तिला एजे म्हणायचा.

सव्विसाव्या वर्षी ती टेलिफोन केंद्रात लागली. पुढे टेलिफोन गेले, कॉम्प्युटर आले, बरोबरची माणसं राजधानीला, बिश्केकला, नाहीतर रशियाला निघून गेली आणि गावातली प्रत्येक तार एकट्या बुरुलकानच्या डोक्यात राहिली. कुठल्या भिंतीत जोड आहे, कुठल्या खांबावर पाणी मुरतं, सगळं तोंडपाठ. कागदावर तिनं फारसं काही उतरवलं नाही. उतरवलं असतं तर तिला बोलावलं असतं कुणी? हे ती स्वतःशीही कबूल करायची नाही, म्हणून इथंच सांगून टाकलेलं बरं.

लग्नाच्या पंगतीतून तिला उठवून न्यायचे. "सुखानं दोन घास खाऊ देत नाहीत मेले," असं पुटपुटत ती उठे, आणि सगळ्या पंगतीनं पाहिलं ना, याची खात्री करून मगच बाहेर पडे. नवरा शारशेन म्हणायचा, "आठवडाभर तार तुटली नाही तर हिला ताप भरतो."

अशा बाईच्या गावात मेरिम परत आली.

मेरिम म्हणजे भट्टीवर नान भाजणाऱ्या उमुतची मुलगी. शाळेच्या सुट्ट्यांत ती बुरुलकानच्या बाकाशी येऊन बसायची. तारेतले आठ धागे रंगांच्या क्रमानं कसे लावायचे, हे तिला बुरुलकाननंच शिकवलं. मग ती बिश्केकला शिकली, तिथल्या बँकांची जाळी बांधली, आणि एकोणतिसाव्या वर्षी आरोग्य खात्याच्या कामावर आमच्या इस्पितळाचं जाळं नव्यानं बांधायला आली. बुरुलकानला तिच्या हाताखाली नेमलं. नेमणुकीच्या कागदावर 'स्थानिक मदतनीस' असे दोनच शब्द होते, ते बुरुलकाननं चष्मा लावून तीनदा वाचले.

पहिल्या दिवशी मेरिमनं तिचे हात हातात घेतले, गालाला गाल लावला. "एजे, तुमच्याशिवाय हे मला जमायचं नाही."

"जमेल हो. तुम्ही शहरातली माणसं."

जिला लहानपणी कान धरून शिकवलं, तिला बुरुलकाननं मुद्दाम 'तुम्ही' म्हटलं. मेरिमला ते बरोबर झोंबलं.

इस्पितळाचं काम साधं नव्हतं. आमच्याकडे हृदयाचा डॉक्टर नाही. रोग्याच्या हृदयाचा आलेख इथं काढायचा, बिश्केकच्या डॉक्टरनं तो तिथं त्याच क्षणी बघायचा आणि औषध सांगायचं, असं ठरलं होतं. बिश्केक खिंडीपलीकडे सहा तासांवर. म्हणजे हे जाळं एक मिनिटही बंद पडून चालणार नव्हतं.

मेरिमची कामाची रीत अशी, की ती इस्पितळभर हिंडायची, एकेका वस्तूवर बोट ठेवायची आणि विचारायची, "हे मेलं तर?" राउटर मेला तर? दुसरा ठेवा. बॅटरी मेली तर? दुसरी ठेवा, पण वेगळ्या खोलीत, नाहीतर एका खोलीत पाणी शिरलं की दोन्ही जायच्या. दोन राउटर एकमेकांना सारखे विचारत राहणार, आहेस का, आहेस का. एकाकडून उत्तर आलं नाही की दुसऱ्यानं त्याचं काम उचलायचं, आणि खाटेवरच्या रोग्याला कळूही द्यायचं नाही.

मोठे डॉक्टर तोकोन गमतीनं म्हणाले, "आणि मी मेलो तर?"

"तुमच्या हाताखालच्या डॉक्टरांना विचारून ठेवलंय, आके. ते तयार आहेत."

सगळे खो खो हसले. हसू ओसरायच्या आत मेरिम वळली. "एजे, तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी सत्तावीस वर्षांत आजारी पडले नाही."

"पडूच नका. पण तुमच्या डोक्यात आहे ते सगळं या वहीत लिहून द्याल? म्हणजे वेळ आली तर कुणालाही करता येईल."

कुणालाही! बुरुलकानच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन तिनं पातेलं आपटलं. "जिवंतपणी पुरायला निघालीय मला ही पोरगी."

"वहीच मागितली ना?" शारशेन म्हणाला. "घोडा तर नाही मागितला."

"तुम्हाला घोड्यापलीकडे काही कळतं का?"

"कळतं की. पोरगी हुशार आहे आणि तुझ्या पोटात दुखतंय."

तिनं वही लिहिली, पण अशी बारीक आणि अर्धीमुर्धी की वाचणाऱ्यानं शेवटी तिच्याच दारात यावं. नेमकी जी गोष्ट सगळ्यांत आधी लिहायला हवी होती, ती तर तिनं लिहिलीच नाही. ती गोष्ट वरच्या तारेची.

इस्पितळात बाहेरून दोन तारा येत होत्या, खालची आणि वरची. नऊ वर्षांपूर्वी गावानं आशर करून त्या टाकल्या होत्या. आशर म्हणजे घरटी एकानं फावडं घेऊन यायचं, मजुरी कुणी मागायची नाही आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जेवायचं. तार सरकारची, खणणं गावाचं. अट एकच, की दोन तारा दोन वेगळ्या वाटांनी न्यायच्या, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालेल. खालची नदीकडच्या पाटाच्या कडेनं आणि वरची टेकडीवरून. खालचा चर दोन दिवसांत झाला. वरच्या वाटेवर जुनं कबरस्तान होतं. पांढऱ्या दाढ्यांचे म्हातारे आडवे आले, म्हणाले, इथं फावडं लावायचं नाही. वळसा घालायचा तर खडक फोडावा लागणार. इकडे घोडी कापलेली, सहा कढयांत मांस रटरटतंय, चाळीस घरांची माणसं भुकेनं कासावीस. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, खालचा चर चांगला कमरेइतका खोल आहे, दोन्ही तारा त्यातच टाका, वरचं वसंतात बघू. देखरेखीला बुरुलकान होती. तिनंच हो म्हटलं. वसंतात मेंढ्या कुरणांवर गेल्या, माणसं मेंढ्यांमागे गेली आणि वरचा चर राहून गेला. नकाशा मात्र तिनं आधीच काढून, सही करून धाडला होता. त्यात वरची तार कबरस्तानाला सुबक वळसा घालून टेकडीवरून आली होती.

आता तोच नकाशा मेरिमनं मोठा करून भिंतीवर लावला. तोकोन डॉक्टरांनी विचारलं, "हा बरोबर असेल ना? नऊ वर्षांचा जुना आहे."

"एजेंच्या हातचा आहे, आके. तपासायची गरज नाही."

दारात उभ्या असलेल्या बुरुलकाननं हे ऐकलं. अजून कामाला सुरुवात नव्हती, अजून सांगता येत होतं. ती पुढे झालीही. एवढ्यात तोकोन डॉक्टर मान डोलावत म्हणाले, "तुझ्यासारखं डोकं या गावाला आधीच मिळालं असतं तर किती बरं झालं असतं, मेरिम." झालं. बुरुलकान तिथल्या तिथे थांबली. सत्तावीस वर्षं मग या गावात काय दगड होते का? तिनं तोंड मिटलं आणि चहा घ्यायला निघून गेली.

दोन दिवसांनी मेरिमनं तारा मोजल्या. एक यंत्र असतं, ते काचेच्या तारेत उजेड सोडतं आणि तार किती लांब आहे ते सांगतं. खालची चार हजार दोनशे मीटर भरली. वरची नकाशाप्रमाणे आणखी नऊशे मीटर जास्त भरायला हवी होती. ती भरली चार हजार दोनशे सहा.

"एजे, असं कसं?"

चोराच्या मनात चांदणं. बुरुलकानला वाटलं, हिला कळलं. पण मेरिमच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता, लहानपणी बाकाशी बसून विचारायची तसाच.

"टेकडीमागून जवळची वाट काढली आम्ही. कागदावर दिसतो एवढा वळसा नाही तो."

"टेकडीमागे तर खडक आहे ना?"

"खणताना तू होतीस का तिथं?"

मेरिमचे कान लाल झाले. "नाही, एजे. चुकलं." थोरल्या बहिणीला एकच गोष्ट दोनदा विचारणं आमच्याकडे उद्धटपणात जमा होतं, आणि ही तर नुसती बहीण नव्हे, गुरू. मेरिमनं वहीत आकडा लिहिला, त्याच्यापुढे काढलेलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि वही मिटली. बँकेत असती तर तिनं ते प्रश्नचिन्ह खोडलं नसतं.

ऑक्टोबरात उद्घाटन झालं. जिल्ह्याचे साहेब आले. पडद्यावर बिश्केकचा डॉक्टर बोलत होता. मेरिमनं साहेबांना राउटरच्या कपाटापाशी नेलं आणि म्हणाली, "तुम्हाला वाटेल ती तार उपटा." साहेबांनी एक उपटली. डॉक्टर बोलतच राहिला. साहेबांनी राउटरची वायर काढली, डॉक्टर तरीही बोलतच होता, त्याला तर पत्ताही नव्हता. बुरुलकान मागे उभी होती. कपाटातली तार उपटून जमिनीतलं पितळ उघडं पडत नाही, हे तिला माहीत होतं, तरी मनात कुठंतरी तिनं त्या पडद्याकडे आशेनं पाहिलं. पडदा एकदा जरी मिटला असता! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या, सगळ्यांत शेवटी.

मग जेवण. आमच्या पंगतीत मानाप्रमाणे हाडं वाटतात. कुणाच्या ताटात कुठलं हाड पडलं, यावरून माणसाची किंमत सगळ्यांना कळते. बायकांतलं मानाचं हाड पाच-सात वर्षं बुरुलकानच्या ताटात येत होतं. त्या दिवशी तोकोन डॉक्टरांनी ते मेरिमच्या ताटात ठेवलं. मेरिम लाजली, उठली आणि ते हाड दोन्ही हातांनी बुरुलकानपुढे धरलं. "हे एजेंचं."

"वा!" बायका म्हणाल्या. "केवढी संस्कारी मुलगी."

म्हणजे हाड परत मिळालं, तेही तिनं दिलं म्हणून, आणि वर कौतुकही तिचंच! तरी सगळं मांस बुरुलकाननं चाटूनपुसून संपवलं, मागे काही ठेवलं नाही.

हिवाळा आला. पूर्वी हिवाळा म्हणजे तिचा हंगाम. आता बर्फानं इस्पितळाच्या छतावरची वायर तोडली, कुणाला कळलं नाही. एक राउटर जळाला, दुसऱ्यानं काम उचललं, मेरिमनं नवा बसवला, पाच मिनिटांत. मेरिमनं तसंच जाळं शाळेला आणि पोस्टाला करून दिलं. फाटकाशी कुणी येईना. चुलीवरचं पातेलं रोज वेळेवर उतरायला लागलं. शारशेन एकदा बोलून गेला, "बरं झालं, आता जेवण गरम मिळतं," आणि त्या दिवशी त्याला तेही मिळालं नाही.

ती मेरिमच्या चुका शोधायची. मेरिम बोलते मोठ्यानं, बूट पुसत नाही, अजून लग्न करत नाही. खरी चूक एकच होती, पाटाच्या कडेला कमरेइतक्या खोल पुरलेली, आणि ती मेरिमची नव्हती. मध्ये दोनदा ती सांगायचं ठरवून निघाली. दोन्ही वेळा वाटेत कुणीतरी मेरिमचं कौतुक केलं, आणि ती बाजारातून कांदे घेऊन परत आली. आपण वाईट करतोय हे तिला कळत होतं. मत्सर कळून जात असता तर जगात कुणाला झालाच नसता.

एप्रिलमध्ये पाट साफ करायची वेळ येते. पूर्वी फावड्यांनी करायचे, यंदा गावानं खणायचं यंत्र भाड्यानं आणलं. सकाळी दहाच्या सुमाराला बुरुलकान अंगणात गालिचा झटकत होती, तेव्हा फाटक वाजलं. इस्पितळातली नर्स धापा टाकत उभी होती.

"एजे, गेलं बघा. सगळंच गेलं. मोबाइलही गेला."

मोबाइलचा मनोराही त्याच तारांवर चालायचा. खोटं कशाला सांगा, बुरुलकानला आनंद झाला. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचं फाटक वाजलं होतं. ती गालिचा टाकून बूट चढवायला लागली.

"लवकर चला," नर्स रडवेली झाली. "जुमादिल आके टेबलावर आहेत. छातीत कळ आली म्हणून आणलं. आलेख पाठवत होतो, तो अर्ध्यात तुटला. औषध द्यायचं की नाही, तोकोन डॉक्टरांना कळत नाहीये."

जुमादिल मेंढपाळ होता. शारशेनबरोबर घोडी पळवत मोठा झालेला. बुरुलकानचा आनंद जागच्या जागी गोठला. दुसरा बूट तिनं घातलाच नाही, तशीच एका पायात चप्पल अडकवून धावली.

इस्पितळाच्या अंगणात मेरिम नकाशा पसरून उभी होती. "दोन्ही एकदम कशा जातील? दोन वाटा आहेत," ती स्वतःशीच म्हणत होती. मग ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी टेकडीवर घ्या. कबरस्तानाच्या वळणापासून बघत येऊ."

"टेकडीवर नको," बुरुलकान म्हणाली. "माझ्यामागे ये."

ती इस्पितळ ओलांडून, कुरणाला तिरकी कापत, सरळ पाटाच्या त्या वळणाशी गेली. कुठं थांबली नाही, कुणाला विचारलं नाही. तिथं यंत्र उभं होतं, चालक डोक्याला हात लावून बसला होता, आणि उकरलेल्या चरातून दोन काळ्या तारांची टोकं शेजारी शेजारी लोंबत होती.

मेरिमनं ती टोकं पाहिली. मग टेकडीकडे पाहिलं. मग बुरुलकानकडे, बराच वेळ. नकाशा तिच्या हातातच होता, तो तिनं घडी करून खिशात घातला.

"टोक धरा, एजे," एवढंच ती म्हणाली.

केसाएवढे काचेचे धागे जोडायला दोघींना अडीच तास लागले. चिखलात गुडघे टेकून दोघी बसल्या होत्या. मेरिमचे हात स्थिर होते, आणि त्या अवस्थेतही बुरुलकानला त्यांचा हेवा वाटला. तार जुळली तेव्हा जुमादिलला घेऊन गाडी खिंडीच्या वाटेला लागून दोन तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी तोकोन डॉक्टरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. जुमादिल वाचला होता. "पण पहिल्या तासात इथंच औषध मिळालं असतं, तर यंदाही मेंढ्या घेऊन चढला असता," ते म्हणाले. "आता दारात बसून राहील. खात्यानं कारण विचारलंय. कुणाचं नाव लिहू?"

मेरिम उठली.

"माझं लिहा. मी वाट पायी चालून बघायला हवी होती. कागदावर विसंबले. कामावरून काढलं तरी माझी तक्रार नाही."

कागद कुणाचा, ते तिनं सांगितलं नाही. बुरुलकानकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. नर्सांचे डोळे भरून आले. तोकोन डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. खोलीतली प्रत्येक नजर मेरिमवर होती, आणि एवढ्या आदरानं गावानं कुणाकडे पाहिलेलं बुरुलकानला आठवत नव्हतं. गुन्हा आपला, आणि त्यातूनही मोठेपण हिचं? आपलं पाप उचलूनसुद्धा ही उंचच होणार? बुरुलकानला शरम वाटली असती तर ती कदाचित मूग गिळून बसली असती. पण तिला शरमेच्या आधी जळफळाट झाला, आणि त्यानंच तिला उभं केलं.

"बस खाली," ती मेरिमला म्हणाली. "फार झालं तुझं. नकाशा माझा आहे. वरची तार कधी नव्हतीच. हिनं मला विचारलं होतं, लांबी जुळत नाही म्हणून. मी खोटं सांगितलं."

तोकोन डॉक्टरांनी विचारलं, "का, बुरुलकान?"

विसरले म्हणता आलं असतं. म्हाताऱ्यांवर, भुकेवर, आशरवर ढकलता आलं असतं. "तार तुटली की तुम्ही माझ्या दारात यायचात," ती म्हणाली. "हिचं काम नीट झालं असतं तर कुणी आलं नसतं. ते मला बघवलं नाही. हिचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे, तेही बघवलं नाही."

डॉक्टरांनी कागदावर तिचं नाव लिहिलं. मेरिम काही म्हणणार होती, पण बुरुलकान तोवर दार लोटून बाहेर पडली होती.

बाहेर ओसरीच्या बाकावर जुमादिलची बायको बसली होती, बिश्केकच्या गाडीची वाट बघत, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन. बुरुलकानला पाहताच ती उठली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"एजे, चिखलात बसून तार तुम्हीच जोडलीत म्हणे. त्यानंतरच बिश्केकहून निरोप आला, वाचले म्हणून. अल्ला तुमचं भलं करो. तुम्ही नसता तर या गावाचं काय झालं असतं?"

हेच ऐकायला बुरुलकान सत्तावीस वर्षं धावली होती. आत बोलताना मेरिमवरचा राग तरी होता पाठीशी. इथं कुणावर राग नव्हता, कुणी बघायलाही नव्हतं, आणि नुसती मान हलवली असती तरी काम भागलं असतं. ती बाई हात सोडायला तयार नव्हती. बुरुलकाननं तिला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली, आणि गाडी यायच्या आत सगळं सांगायला सुरुवात केली.